कालची बाटली

पहिल्या पाळीचा भोंगा होण्याआधीच दराडेमामा प्रयोगशाळेचं दार उघडत. चपला बाहेर, पायरीखाली काढलेल्या. मग मोरीत कोपरापर्यंत हात धुणं, तेही साबण न लावता, नुसत्या पाण्यानं. मी पोहोचेपर्यंत त्यांनी दोन्ही खिडक्या उघडून खोलीत साठलेली शिळी हवा बाहेर घालवलेली असे. माझ्यासाठी नियम जास्त होते. केसांत फूल नाही, अंगाला पावडर नाही, दुपारच्या सुट्टीपर्यंत कांदा-लसूण नाही. मी दिवा पेटवून पाणी कोमट करायची. टाकीतून आलेला आजचा नमुना एका पेल्यात, कालच्या बाटलीतला दुसऱ्या पेल्यात, आणि दोन्हींत सारखंच कोमट पाणी. मामा आधी दोन्ही पेले खिडकीच्या उजेडाला धरून रंग पाहत. मग डोळे मिटून एकेक हुंगत. दोन्हींच्या मध्ये स्वतःच्या सदऱ्याची बाही एकदा हुंगत, म्हणजे नाक पुन्हा कोरं होई. "रंग जरा फिका आहे, ताई. कॅरॅमल वाढवायला सांगा," असं कधी म्हणत, कधी काहीच न बोलता मान हलवत. मान हलली की टाकी बाटल्या भरायला सुटे. मग कालची बाटली रिकामी होई आणि तिच्या जागी आजचा नमुना बसे.

पेला ओठांना लावायची वेळ त्यात कधीच येत नसे. मामा महानुभाव पंथाचे, तरुणपणीच उपदेश घेतलेले. दारूच्या कारखान्यात उभा जन्म काढूनही त्यांनी दारूचा थेंब जिभेवर ठेवला नव्हता. मीही ठेवला नव्हता. आमच्यापैकी कुणीच ठेवला नव्हता, कारण तशी नेमणुकीचीच अट होती. कारखाना काढणारे अण्णासाहेब थिटे म्हणायचे, "मिठाईच्या दुकानात गोड न खाणाराच गल्ल्यावर बसवावा." पिणारा माणूस प्रयोगशाळेत घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम त्यांच्या माघारीही चालू राहिला.

आमचा कारखाना प्रवरेच्या काठी, साखर कारखान्यापासून जवळ. साखर काढून उरलेली मळी तिथून आमच्याकडं यायची आणि तिचं स्पिरिट व्हायचं. मी एम.एस्सी. होऊन तिथं रसायनतज्ज्ञ म्हणून लागले, तेव्हा माझ्या सासूबाईंनी गल्लीत सांगितलं की सून साखर कारखान्यात आहे. मी ते कधी दुरुस्त केलं नाही. आमच्या रमचं नाव 'काळवीट'. लेबलावर उडी घेतलेलं काळवीट आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत 'रम'. तालुक्यातच नव्हे, चार जिल्ह्यांत लोक तिला नावानं मागत.

अण्णासाहेबांच्या मुलांनी हे नाव आधी मुंबईच्या कंपनीला विकलं आणि त्या कंपनीनं परदेशी कंपनीला. आम्हाला ते वर्तमानपत्रातून कळलं. पगार तोच, भोंगा तोच, टाक्या त्याच. नाव तेवढं दूरच्या मालकीचं झालं होतं. पुढं काही महिन्यांनी मुंबईच्या ऑफिसातले सबनीस एका परदेशी गृहस्थाला घेऊन आले. त्यांचं नाव लेनॉक्स. उंच, वाकलेले, साठीच्या आसपासचे. दारात त्यांनी बूट काढले आणि मोज्यांनिशी आत आले. मामांना ते आवडलं.

"या कंपनीची एक रीत आहे," सबनीस म्हणाले. "विकत घेतलेल्या प्रत्येक नावाचा एक नमुना ठरवायचा. बनवणाऱ्यांनीच तो निवडायचा, सही करून सील करायचा. पुढं तो माल कुठंही बनो, त्या नमुन्यासारखाच बनला पाहिजे. एकदा ठरला की बदलत नाही."

"मग सोपं आहे," मामा म्हणाले. "हा आजचा नमुना. हीच काळवीट."

लेनॉक्सनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक बाटली काढली. लेबल पिवळं पडलेलं. त्यावरचं काळवीट उडी मारत नव्हतं, नुसतं मान वळवून उभं होतं. अण्णासाहेबांनी अगदी सुरुवातीला गोव्याहून डिमेलो नावाचे जाणकार आणले होते. ही रम मुळात त्यांनी बसवली होती. त्यांच्या मुलीनं वांद्र्याच्या घरात पहिल्या वर्षीची एक बाटली न उघडता जपली होती आणि ती या लोकांना दिली होती.

मामांनी त्या बाटलीला आधी हात जोडले. "डिमेलोसाहेबांनी मला या खोलीत उभं केलं," ते मला म्हणाले. "मी गुळाच्या पेठेत ढेपा हुंगून भाव सांगायचो. तिथून उचलून आणलं मला."

मी दोन पेले भरले. लेनॉक्सनी दोन्ही चाखले, थुंकले, पुन्हा चाखले. मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. "दोन्ही चांगल्या आहेत," ते इंग्रजीत म्हणाले आणि सबनीसांनी मराठीत सांगितलं. "पण ही दोन वेगळी पेयं आहेत."

मामा हसले. त्यांना ते खरं वाटलं नाही. त्यांनी आपल्या पद्धतीनं आधी आजचा पेला हुंगला, मग बाही, मग जुना पेला. बाही त्यांनी पुन्हा हुंगली आणि जुना पेला पुन्हा उचलला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते मला दिसलंसुद्धा नाही.

"ताई, हिच्यात मळी आहे," ते हळूच म्हणाले. "आपल्या टाकीत मळीचा वास कधीपासून नाही?"

त्याचं उत्तर मला हिशेबानं देता आलं. सुरुवातीला डिमेलो तांब्याच्या लहान भट्टीत थोडं स्पिरिट वेगळं काढत. ते कच्चं, मळीचा वास असलेलं असे, आणि ते बाकीच्या स्पिरिटमध्ये मिसळत. ती भट्टी फुटली. दुरुस्तीला माणूस मिळेना, म्हणून कच्चं स्पिरिट कमी होत गेलं आणि त्याची उणीव बाजारात मिळणाऱ्या रमच्या अर्कानं भरली गेली. रंगासाठी जाळलेल्या साखरेचा काळा पाक, म्हणजे कॅरॅमल, आम्ही बाहेरून घेत होतो. तो वर्षागणिक फिका येऊ लागला, म्हणून तोच रंग गाठायला तो जास्त पडू लागला आणि त्याच्याबरोबर साखरही वाढत गेली. यातलं काही एका दिवसात घडलं नव्हतं. रोजचा नमुना कालच्या बाटलीशी जुळत होता आणि कालची परवाच्याशी. डिमेलोंनी ठेवलेली पहिली बाटली हुंगता हुंगता कधीच संपून गेली होती. गोडी तर नाकाला कळत नाही. ती ज्या जिभेला कळली असती, तशी जीभ त्या खोलीत यायला बंदी होती.

हे मी लेनॉक्सना सांगितलं. ते मामांकडं पाहत म्हणाले, "या माणसानं एका दिवसाचीही चूक केलेली नाही." सबनीसांनी त्याचं मराठी केलं नाही. मामांनी विचारलं तेव्हा मी केलं.

"मग आता नमुना कोणता?" मामांनी विचारलं.

ते ठरवणंच अवघड होतं, आणि का ते सबनीसांनी उघडच सांगितलं. नव्या मालकांनी रम कशाला म्हणायचं याची स्वतःची व्याख्या केलेली होती आणि ती सगळ्या देशांत एकच होती. ज्या पेयात मळीचा मूळ वास नाही, अर्क बाहेरून घातलेला आहे आणि साखर इतकी आहे, त्यावर ते 'रम' हा शब्द छापू देणार नव्हते. जुनी बाटली नमुना ठरली तर काळवीट रम राहील, परदेशातही जाईल, पण तांब्याच्या भट्ट्या कंपनीच्या गोव्याच्या कारखान्यात होत्या. माल तिथं बनेल. इथून फक्त स्पिरिटचे टँकर जातील आणि ही प्रयोगशाळा बंद होईल. आजचा नमुना ठरला तर माल इथंच बनेल, मात्र लेबलावरून 'रम' जाईल.

"आणि 'रम' गेलं की काळवीट देशी दारूच्या फळीवर जाऊन बसेल," सबनीस म्हणाले. "लोक चारचौघांत नाव घ्यायचे नाहीत. मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. जुनी धरा. गोव्याला तुमची जागा मी बघतो."

लेनॉक्सनी जुना पेला मामांपुढं सरकवला. "तुम्ही निवडा. पण एकदा चाखून निवडा."

मामांनी हात जोडले. "साहेब, ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. आणि जे मी चाखलं नाही, त्यावर सही आता मी करणार नाही. ताई करतील."

लेनॉक्सनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी सही करायची असं ठरलं. मी दोन लहान औषधाच्या बाटल्या धुतल्या, दोन्ही नमुने त्यांत भरले आणि पर्समध्ये टाकले.

घरी आले तेव्हा सासूबाई देवळात कीर्तनाला गेल्या होत्या. हे, माझे यजमान, गावातल्या हायस्कुलात गणित शिकवत. ओसरीत वह्या तपासत बसले होते. दर शनिवारी त्यांच्या शिक्षक सोसायटीची मीटिंग असायची आणि मीटिंगनंतर ते परसदारानं आत येत.

"अहो, जरा आत या," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात ओट्यावर मी दोन पेले मांडले होते. त्यांनी ते पाहिले आणि मागं वळून दाराकडं पाहिलं.

"हे काय?"

"चाखून सांगायचंय."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"शनिवारच्या मीटिंगमध्ये जे असतं, तेच आहे."

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुला कुणी सांगितलं?"

"अहो, मला नाकाचाच पगार मिळतो."

त्यांना हसू आलं आणि मग ते दाबता येईना. लग्नाला इतकी वर्षं होऊन आमच्यात या विषयावर झालेलं हे पहिलं बोलणं. त्यांनी डावा पेला उचलला. "बर्फ नाही?"

"परीक्षेत बर्फ देत नाहीत."

त्यांनी घोट घेतला आणि लगेच म्हणाले, "ही काळवीट." उजव्या पेल्याचा घोट घेतल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. "ही डुप्लिकेट. कुठं पकडली? मागं स्टँडजवळच्या दुकानात असाच माल सापडला होता."

"डुप्लिकेट कशावरून?"

"घशाला ओरखडते. आणि उसाच्या गाळाचा वास मारतोय. काळवीट कशी, सावकाश उतरते. आमचे मुख्याध्यापक म्हणतात, घरच्या माणसासारखी आहे." एवढं बोलून ते ओशाळले.

"ही पहिल्या वर्षाची काळवीट आहे," मी म्हटलं. "हीच मूळची. तुम्ही जिला काळवीट म्हणालात, ती आम्ही नकळत बदलत आणलेली."

त्यांनी दोन्ही पेल्यांकडं पाहिलं. "मग आम्ही इतकी वर्षं काय पितोय?"

"तेच उद्या मला सही करून सांगायचंय."

मी सगळं सांगितलं. ते गणिताचे शिक्षक. प्रत्येक पायरी समजून घेतल्याशिवाय त्यांना पुढं जाता येत नसे. शेवटी त्यांनी विचारलं, "तू चाखलीस का?"

"नाही."

"मग माझ्या जिभेवर सही करणार? मुख्याध्यापकांच्या?"

मी डावा पेला उचलला. तो वास मला माझ्या स्वतःच्या पदराइतका ओळखीचा होता. जीभ मात्र त्याला पहिल्यांदाच भेटत होती. काकवी आठवावी अशी गोडी आणि मागून आलेली ऊब. नाकानं मला इतकी वर्षं हे अर्धंच सांगितलं होतं. उजवा पेला मात्र कडवट आणि रागीट होता. पण त्यात काही खोटं नव्हतं, आणि घोट गेल्यावरही त्याचा वास तोंडात बराच वेळ राहिला. दोन्हींत चांगली कुठली, असं विचारलं असतं तर मी दुसरी म्हटलं असतं.

सासूबाई आल्या तेव्हा मी पेले धुऊन उदबत्ती लावली होती. "आज काय विशेष?" त्यांनी विचारलं. "मीटिंग होती," हे म्हणाले.

सकाळी मी पोहोचले तेव्हा दराडेमामा पायरीवरच बसले होते. खिडक्या बंद होत्या.

"दंडवत, ताई. चाखलं?"

"चाखलं."

"मला वाईट वाटेल म्हणून काही झाकू नका."

मी झाकलं नाही. गोडी सांगितली, साखर कशी वाढत गेली असेल ते सांगितलं, जुनीचा कडवटपणा सांगितला आणि जुनी मला जास्त चांगली वाटली हेही सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते.

"मग जुनीवर सही करा," ते म्हणाले. "डिमेलोसाहेबांनी मला राखायला बसवलं होतं. माझ्याच्यानं राखणं झालं नाही. आता त्यांची बाटली परत आलीय, तर तिला तिची जागा देऊ. मी तर चैत्रात नोकरीतून सुटतोच."

"मामा, काल मी घरी आमच्या यांच्यापुढं दोन्ही पेले ठेवले. काय आहे ते न सांगता. जुनीला ते डुप्लिकेट म्हणाले."

ते पहिल्यांदा वर पाहून म्हणाले, "मास्तर पितात?"

"शनिवारी."

"बरं." पायरीखालच्या चपला त्यांनी सरळ केल्या. "पण लोक मागतात म्हणून ती रम होते का?"

"रम होत नाही. लेनॉक्ससाहेबांचं त्याबाबत बरोबर आहे. ती रम नाही."

"मग?"

"पण काळवीट तीच आहे, मामा. दुकानात जाऊन माणूस ते नाव घेतो, तेव्हा त्याला तुम्ही बनवलेलीच हवी असते. डिमेलोसाहेबांची त्याच्या हातात दिली तर तो दुकानदाराशी भांडेल."

"लेबलावरचं 'रम' जाईल. फळीवरून खाली उतरेल. लोक म्हणतील, दराड्यानं बुडवली."

"म्हणतील."

"तुमची गोव्याची जागाही जाईल."

"हो."

ते उठले. आत जाऊन त्यांनी खिडक्या उघडल्या. मी काय ठरवलंय ते त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

सबनीस आणि लेनॉक्स आले तेव्हा टेबलावर दोन्ही बाटल्या, सील करायची लाख आणि लेबलाचा कच्चा छाप ठेवलेला होता. मी आजचा नमुना उचलून लेनॉक्ससमोर ठेवला.

सबनीस मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, मामांच्या म्हातारपणासाठी तुम्ही हे करताय. कंपनीचा विचार करा."

"मामांनी मला जुनी धरायला सांगितलं," मी म्हटलं.

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी मामांकडं पाहिलं आणि मामांनी मान हलवली. लेनॉक्सनी मला इंग्रजीत विचारलं, तुम्हाला चवीला कोणती आवडली. जुनी, मी म्हटलं. त्यांनी पेन काढून माझ्यापुढं ठेवलं आणि जुनी बाटली फडक्यात परत गुंडाळायला घेतली.

"ती डिमेलोबाईंना परत द्याल?" मामांनी विचारलं. मी ते इंग्रजीत सांगितलं. लेनॉक्स म्हणाले, मी स्वतः नेऊन देईन.

मी लेबलाचा छाप समोर ओढला. मामांनी दिव्याच्या ज्योतीवर लाखेची कांडी धरली आणि बुचावर गोल फिरवत सांडू दिली, कडेला कुठं फट राहू नये म्हणून बाटली हातात हळूहळू वळवत. लाख निवायच्या आत मी पट्टी धरून 'रम' या शब्दावर एक सरळ रेघ मारली, 'काळवीट' तसंच ठेवलं आणि त्याखाली माझं पूर्ण नाव लिहिलं, शैलजा दिनकर कडलग.